शेजाऱ्याचा नकार

पिंजौरच्या मुघल बागेची एक दंतकथा इथे येणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी ऐकावी लागते. औरंगजेबाचा दूधभाऊ फिदाई खान याने सतराव्या शतकात शिवालिकच्या पायथ्याशी ही सात टप्प्यांची बाग उभारली आणि जनान्यासह तो तिथे राहायला आला. जवळच्या डोंगरी राजाला हा शेजारी नको होता. पण बादशहाच्या माणसाला तोंडावर 'येऊ नका' म्हणणं म्हणजे फौज ओढवून घेणं. तेव्हा राजाने गळ्याला मोठमोठे गलगंड असलेल्या बायका शोधल्या आणि त्यांना फळं-फुलं विकायला जनान्यात पाठवलं. आतल्या बायकांनी घाबरून विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, इथलं पाणीच असं आहे, जो पितो त्याचं असं होतं. थोड्याच दिवसांत खानाने बाग सोडली.

कथा खरी असेल, नसेल. हिमालयाच्या पायथ्याशी आयोडीनच्या अभावामुळे गलगंड सर्रास होत असे, एवढं मात्र खरं. गोष्ट सांगणारा शेवटी राजाच्या चतुराईवर हसतो आणि ऐकणाराही हसतो. मला त्यात शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिलेला एक नकार दिसतो. तो उच्चारायला जागाच नव्हती, म्हणून तो आडवाटेने गेला. आणि त्याचं ओझं राजाने उचललं नाही. ज्यांचा या भांडणाशी काही संबंध नव्हता, अशा आजारी बायकांच्या ते अक्षरशः गळ्यात पडलं.

आता राजे नाहीत, सुभेदार नाहीत. शेजाऱ्यांनी एकत्र बसून बोलावं यासाठी ग्रामसभा आहे, गृहनिर्माण संस्थेची सर्वसाधारण सभा आहे, वसाहतीची रविवारची बैठक आहे. पाणी, कचरा, रस्ता, पार्किंग, भटकी कुत्री, देवळाचा लाऊडस्पीकर या विषयांवर शेजाऱ्यांनी संवाद करावा, असं सगळेच म्हणतात. संवादाच्या बाजूने बोलणं सोपं आहे. त्याच्या विरुद्ध कोण बोलणार? म्हणूनच एक प्रश्न विचारावासा वाटतो. अशा संवादाची नैतिक कसोटी कोणती? किती लोक आले ही? शेवटी एकमत झालं ही? मला वाटतं, यांपैकी कोणतीही नाही. त्या बैठकीत 'नाही' म्हणणाऱ्याचं काय होतं, ही खरी कसोटी आहे.

आधी शब्दांकडे पाहू. अनुवाद करणाऱ्याला ती खोड असतेच. सभेच्या इतिवृत्तात आपण तीन शब्द वापरतो: 'बहुमताने', 'एकमताने' आणि 'सर्वानुमते'. बहुमत म्हणजे मोजदाद. त्यात हरलेले लोक किमान आकड्याच्या रूपाने तरी शिल्लक राहतात. एकमत म्हणजे सगळ्यांचं मत एकच असणं, आणि ते माणसांमध्ये फार क्वचित घडतं. सर्वानुमताचा अर्थ त्याहून हलका आहे. मत एक नसेल, पण सगळ्यांची अनुमती आहे. प्रत्यक्षात मात्र कोणी काही बोललं नाही की सचिव 'सर्वानुमते मंजूर' असं लिहून मोकळा होतो. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, आणि उरलेले चाळीस जण गप्प. 'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन आपल्या सभांच्या इतकं अंगवळणी पडलं आहे, की ते एक गृहीतक आहे हेही आपण विसरलो आहोत. त्यात आणखी एक सोय आहे. गणसंख्या भरली नाही तर सभा अर्धा तास तहकूब करायची आणि त्याच जागी, त्याच माणसांसह पुन्हा भरवायची. तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते. म्हणजे गैरहजेरीही संमतीतच जमा.

शेजाऱ्याच्या मौनाला हा नियम लावणं विशेष अन्यायाचं आहे. परक्या माणसाशी मतभेद झाला तर आपण घरी जातो आणि विषय संपतो. शेजारी हा न निवडता मिळालेला माणूस. सभा संपल्यावर त्याच जिन्यावर, त्याच नळावर, त्याच किराण्याच्या दुकानात तो पुन्हा भेटणार असतो. त्याच्याकडे आपल्या घराची किल्ली असते, आपलं मूल त्याच्या गच्चीवर पतंग उडवत असतं. त्याच्या प्रस्तावाला सभेत हात वर करून विरोध करायचा, तर या सगळ्याची किंमत मनात आधीच मोजली जाते. भाडेकरू असेल तर घरमालकाचा चेहरा डोळ्यांपुढे येतो. त्यामुळे शेजारच्या बैठकीतलं मौन संमतीचं आहे, भीतीचं आहे, भिडेचं आहे की कंटाळ्याचं, हे बाहेरून सांगता येत नाही. ज्या निकटतेमुळे संवाद गरजेचा होतो, त्याच निकटतेमुळे तो अवघडही होतो.

इथल्याच एका वसाहतीत रात्री अकरानंतर मुख्य फाटकाला कुलूप लावायचं ठरलं. चोऱ्यांची भीती होती, कारण समजण्यासारखं होतं. ज्यांची हरकत असेल त्यांनी रविवारी बैठकीला यावं, असा निरोप सगळ्या घरमालकांना गेला. हरकत आली नाही, ठराव सर्वानुमते झाला. पण बद्दीच्या कारखान्यांत पाळीवर जाणारे लोक त्या वसाहतीत भाड्याने राहत होते. भाडेकरू सभासद नसल्यामुळे त्यांना निरोपच नव्हता. पहाटे दूध घेऊन येणाऱ्याला नव्हता, पोळ्या करायला येणाऱ्या बाईलाही नव्हता. कोणी दुष्टपणा केला असं नाही. नियमाप्रमाणेच सगळं झालं. आणि त्यानंतर कित्येक महिने रात्री दोन वाजता एक थकलेला माणूस फाटकाबाहेर उभा राहून चौकीदाराला फोन करत राहिला. तोही एक नकारच होता, फक्त इतिवृत्तात त्याला रकाना नव्हता.

पंजाबात गावातल्या झाडाखालच्या बसण्याच्या जागेला 'सथ' म्हणतात. मराठीत त्याला मी बहुतेक वेळा 'पार' लिहिते आणि तो शब्द जवळजवळ चपखल बसतो: तीच सावली, तेच म्हातारे, तीच पत्त्यांची पानं. बसू नये तिथेही तो तितकाच चपखल बसतो. सथ काय आणि पार काय, दोन्ही पुरुषांच्या जागा. बायकांचं बोलणं पाणवठ्यावर व्हायचं. गावात काय चाललंय याची माहिती पाणवठ्यावर असायची आणि निर्णय पारावर व्हायचा. म्हणून जुन्या गावगाड्यात लोक बसून बोलत असत आणि आता ते हरवलं, ही हळहळ मला पुरती पटत नाही. बोलत असत, पण कोण?

महाराष्ट्रात या प्रश्नाशी प्रामाणिकपणे झुंजणारी काही उदाहरणं आहेत आणि ती एकमेकांशी सहमत नाहीत, म्हणून ती मोलाची आहेत. पहिलं गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेमुळे आणि २००९ मध्ये मिळालेल्या सुमारे १८०० हेक्टर जंगलावरच्या सामूहिक हक्कामुळे हे गोंड आदिवासींचं लहानसं गाव देशभर माहीत झालं. २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश तिथे आले आणि बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. पण या सगळ्याच्या तळाशी गावाने स्वतःवर घालून घेतलेला एक नियम आहे: निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, सर्वसहमतीने घ्यायचा. एक माणूस जरी राजी नसला तरी विषय पुढच्या सभेपर्यंत थांबतो. मधल्या काळात त्याच्याशी बोलायचं, त्याचं म्हणणं समजून घ्यायचं, आपलं सांगायचं. जोडीला अभ्यासगट. विषय समजून घ्यायला लोक वेगळे बसतात, तिथे निर्णय होत नाही, फक्त समज वाढते. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही पद्धत गावाबरोबर अनेक वर्षं घडवली आणि समजावून सांगितली.

सर्वसहमती ऐकायला सुंदर वाटते, म्हणून तिच्या उलट बाजूलाही एक उदाहरण ठेवायला हवं. पोलंडच्या जुन्या संसदेत एकट्या सदस्याने 'मला मान्य नाही' असं म्हटलं तरी ठराव पडायचा, इतकंच नव्हे तर अख्खं अधिवेशनच मोडायचं. १६५२ मध्ये एका सदस्याने हा अधिकार पहिल्यांदा तसा वापरला. पुढे शेजारच्या सत्तांना फौज धाडण्याचीही गरज उरली नाही. एखाद्या सदस्याला पैसे चारले की काम भागायचं. १७९१ च्या संविधानाने हा अधिकार रद्द केला, पण तोवर उशीर झाला होता. १७९५ मध्ये पोलंड नकाशावरून पुसलं गेलं.

नियम जवळपास एकच, एक माणूस सगळ्यांना थांबवू शकतो. मग मेंढ्यात तो गावाला जोडतो आणि पोलंडमध्ये देश मोडतो, हे कसं? फरक नकारानंतरच्या दिवसात आहे. पोलंडचा तो सदस्य शब्द उच्चारून निघून जाऊ शकत होता. कारण द्यायचं बंधन त्याच्यावर नव्हतं आणि ज्यांचं काम त्याने अडवलं त्यांच्याबरोबर दुसऱ्या दिवशी जंगलात जायचंही नव्हतं. मेंढ्यातल्या माणसाला गावातच राहायचं आहे. त्याच्या नकारामुळे सभा थांबते, पण त्याच्यावरही एक जबाबदारी येते: कारण सांगण्याची, ऐकण्याची, पुन्हा बसण्याची. म्हणजे ज्या शेजारपणामुळे माणसं गप्प बसतात, त्याच शेजारपणामुळे नकाराला वजनही येऊ शकतं. मात्र त्यासाठी गावाने आधी वेळ द्यायची तयारी ठेवावी लागते. घाईत असलेल्या सभेला सर्वसहमती परवडत नाही. तिला फक्त मौन परवडतं.

दुसरं उदाहरण याच्या अगदी उलट दिशेने जातं. गावातलं दारूचं दुकान बंद करावं की नाही, हा प्रश्न महाराष्ट्रात महिलांच्या मतदानावर सोपवता येतो. २००८ च्या आदेशानुसार मतपत्रिकेवर दोन चिन्हं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली, आणि मतदान गुप्त असतं. इथे खुली चर्चा पुरेशी नाही, हे सरकारनेच मान्य केलं आहे. का, ते उघड आहे. दुकानदार गावातला, त्याच्याकडे उधारी असलेला नवरा घरातला, आणि सभेत शेजारी बसलेला दीर त्याच दुकानाचा गिऱ्हाईक. त्या सभेत उभं राहून बोलणाऱ्या बाईला घरी परत जायचं असतं. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूदही याच जाणिवेतून आली. काही नकार सगळ्यांसमोर म्हणता येत नाहीत. त्यांना आडोसा लागतो, आणि तो देणं हाही शेजारधर्मच.

पण याच नियमात एक गाठ होती. आडवी बाटली जिंकायला मतदान केलेल्या महिलांपैकी निम्म्यांची मतं पुरेशी नव्हती. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं लागत. मजुरीला गेलेली, माहेरी असलेली, आजारी असलेली, दारात अडवलेली प्रत्येक बाई हिशोबात आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूला गेली. गुप्त मतपत्रिकेने ज्या मौनाला वाचा दिली, त्याच मौनाला मोजदादीने पुन्हा संमती ठरवलं. मौन कोणाच्या खात्यात जमा करायचं, हा तांत्रिक तपशील नव्हे. तो नीतीचा प्रश्न आहे.

तिसरं उदाहरण भिवंडीचं. १९७० आणि १९८४ मध्ये या शहराने भीषण दंगली पाहिल्या. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुसलमान शेजारी, नामवंत पुढाऱ्यांऐवजी साधी माणसं, आणि पोलिसांबरोबर नियमित बैठका. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये जवळची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. या समित्यांत अयोध्येच्या प्रश्नावर कोणाचं मतपरिवर्तन झालं असेल असं मला वाटत नाही, आणि तशी अपेक्षाही नसावी. तिथे बोलणं नळावरच्या भांडणापासून सुरू होई. पण ज्या रात्री अफवा पसरली, त्या रात्री कोणाचं दार ठोठवायचं हे माहीत होतं, आणि दार उघडणाऱ्याला ठोठावणाऱ्याचं नाव माहीत होतं. एकमत न होताही संवाद सफल होतो, याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. आणि तो एकदाच करून ठेवता येत नाही, हेही भिवंडीनेच दाखवलं. २००६ मध्ये तिथेच पोलीस ठाण्याच्या जागेच्या वादातून हिंसाचार झाला आणि दोन पोलीस मारले गेले.

मेंढा उघड नकाराला थांबून ऐकतं, आडवी बाटली नकाराला आडोसा देते, भिवंडी नकारासह जगायला शिकते. तिन्ही मार्ग वेगळे असले तरी विरोध करणारा शेजारी ही दूर करायची अडचण आहे, असं त्यांतला कोणताही मानत नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो. प्रत्येक नकाराला असा मान दिला तर कामं कधी होणार? गटार तुंबलेलं आहे, पाऊस तोंडावर आहे, आणि एका घराला खोदकाम नको. शिवाय काही लोकांचा नकार हा निव्वळ अडवणुकीचा धंदा असतो, हे प्रत्येक सचिवाला ठाऊक असतं. आक्षेप खरा आहे. त्याचं उत्तर शोधताना मला जुन्या न्यायशास्त्राची आठवण होते. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: तत्त्व समजावं म्हणून होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची फक्त मोडायची ती वितंडा. गंमत अशी की यांतला 'जल्प' मराठीच्या रोजच्या बोलण्यातून गेला, 'वितंडवाद' राहिला, आणि सर्वांत उदात्त होता तो 'वाद' आपण भांडणाच्या अर्थाने वापरू लागलो. 'वाद घालू नकोस' हे आपण मुलांना शिकवतो. मग ती मोठी झाली की सभेत गप्प बसतात.

नकारांमध्येही हे तीन प्रकार असतात. कारण असलेला नकार, जिंकण्यासाठीचा नकार, आणि फक्त मोडण्यासाठीचा. समोरचा यांपैकी कोणता आहे हे त्याच्या तोंडावरून ओळखता येत नाही. पण त्याच न्यायसूत्रांत वादात हार मानण्याची जी बावीस स्थानं सांगितली आहेत, त्यांत 'अननुभाषण' नावाचं एक आहे. प्रतिपक्षाचं म्हणणं तीनदा सांगितलं गेलं, सभेला ते समजलं, तरीही ज्याला ते स्वतःच्या तोंडाने पुन्हा मांडता येत नाही, तो हरला. त्याचं उत्तर कितीही तल्लख असो.

हा नियम मला अनुवादकाच्या कामाजवळचा वाटतो. अनुवाद या शब्दाचा मूळ अर्थच मागाहून बोलणं, पुन्हा सांगणं. जे मला पटत नाही, तेही मला असं लिहावं लागतं की मूळ लेखकाने वाचलं तर त्याने म्हणावं, हो, मी हेच म्हणत होतो. सहमतीची अट त्यात नाही, अचूकतेची आहे. शेजाऱ्यांच्या बैठकीकडून याहून जास्त मागू नये आणि याहून कमी चालवून घेऊ नये. मतदान घेण्याआधी प्रस्ताव मांडणाऱ्याने विरोधकाचं म्हणणं स्वतःच्या तोंडाने सांगावं आणि विरोधकाने 'बरोबर' म्हणावं. ज्याला कारण आहे त्याचं कारण यातून स्वच्छ होतं. ज्याला कारणच नाही त्याचंही तेवढ्याने उघड पडतं, कारण पुन्हा सांगण्यासारखं त्याच्यापाशी काही नसतं. आणि जो खोलीतच नाही, त्याचं म्हणणं कोणालाच सांगता येत नसेल, तर त्याला बोलवायचं राहिलं आहे, हे तिथल्या तिथे कळतं.

यानंतर गटार खोदायचंच असेल तर खोदावं. बहुमताने ठरवण्यात पाप नाही. पाप आहे ते बहुमताला सर्वानुमत म्हणण्यात. कारण त्या एका शब्दाने विरोध करणारा माणूस हरलेलाही राहत नाही, तो मुळी नव्हताच असं होतं. शेजारधर्म म्हणजे विरजण देणं, किल्ली सांभाळणं, परगावी गेलेल्याच्या कुंड्यांना पाणी घालणं, असं आपण समजतो, आणि ते आहेच. त्यात आणखी एका गोष्टीची भर घालायला हवी: त्याचं 'नाही' त्याच्याच शब्दांत, कारणासकट लिहून ठेवणं.

त्याला खर्च फारसा नाही. इतिवृत्ताच्या वहीत ठरावाखाली दोन ओळी जास्त लागतात. कोणाचा विरोध होता, कशासाठी होता, आणि कोणत्या तारखेला पुन्हा विचार करायचा. त्या ओळी लिहिल्या जात असतील तर बैठकीला दहाच माणसं आली तरी तो संवाद आहे. लिहिल्या जात नसतील, तर मांडव कितीही मोठा असो, तिथे फक्त सूचना वाचून दाखवली जाते आहे.